अकरा महिन्यांचा खाडा

पडद्यावरच्या निळ्या रेषेत दोन हजार अठराच्या जानेवारीपाशी एक खळगा होता, आणि तो तेजल पगारेच्या ओळखीचा होता. आपण कधीतरी टाकून दिलेला स्वेटर, कोपराजवळच्या रफूसकट, भलत्याच माणसाच्या अंगावर दिसावा आणि त्याने तो नवा म्हणून मिरवावा, तसं तिला झालं. ती पहिल्या रांगेत बसली होती. खुर्चीला पांढरं सॅटिनचं आवरण होतं, पाठीमागे त्याची मोठी गाठ, आणि मांडीवर सेलोफेनमध्ये गुंडाळलेला एक गुलाब, जो घरी न्यावासा वाटत नाही आणि तिथे टाकताही येत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या कॉलेजच्या हॉलमध्ये भर सकाळी दिवे मालवले होते. पायल अहिरे नावाची मुलगी आपल्या प्रबंधाचं शेवटचं सादरीकरण करत होती. यात पास झालं की प्रबंध बांधायला जायचा. तेजल बाहेरची तज्ज्ञ म्हणून आली होती. तिच्याकडून अपेक्षा एवढीच होती, की शेवटी उठून दोन बरे शब्द बोलावेत आणि सही करावी. खळगा दिसेपर्यंत तिची त्याला तयारी होती. बरे शब्द तिने येताना रिक्षात ठरवूनही ठेवले होते.

खळगा मोठा नव्हता. डिसेंबरपर्यंत रेषा पावसाळ्यानंतरच्या सवयीने हळूहळू उतरत येते, जानेवारीत पाय घसरल्यासारखी एकदम खाली जाते आणि फेब्रुवारीत काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा आपल्या वाटेला लागते. जमिनीतलं पाणी असं वागत नाही. ते आळशी असतं. एका महिन्यात कोसळून दुसऱ्या महिन्यात परत येण्याचा उत्साह त्याच्यात नसतो, आणि तोही नांदगाव तालुक्यात, हिवाळ्यात, पावसाचा थेंब नसताना. पाण्याचं शिक्षण घेतलेल्या कोणालाही हे दिसायला हवं होतं. हॉल अशा लोकांनी भरलेला होता. ते पडद्याकडे ज्या नजरेने बघत होते ती तेजलच्या परिचयाची होती. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची वाट बघणारे पाहुणे भिंतीवर चाललेल्या वधूवरांच्या व्हिडिओकडे बघतात, ती.

ती रेषा मुळात उपग्रहांची. दोन जुळे उपग्रह एकामागोमाग पृथ्वीभोवती फिरत असत. खाली पाण्याचा भार जास्त असला की आधी पुढचा किंचित ओढला जाई, मग मागचा, आणि दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी बदले. त्या बदलावरून खालच्या मुलखात, मातीत, खडकात आणि धरणात मिळून किती पाणी साठलं आहे ते दर महिन्याला काढता येई. तेही ढोबळच. त्या उपग्रहांना नांदगाव तालुका असा काही दिसतच नाही, सगळा नाशिक जिल्हा मिळून त्यांच्या लेखी धड एक ठिपका होत नाही. पहिली जोडी सतराच्या मध्यावर थकून बंद पडली. दुसरी जोडी वर जाऊन मोजायला लागेपर्यंत अठराचा जून आला. मधले अकरा महिने कोणीही मोजलं नाही. तेजलचे वडील निवृत्ती पगारे मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. ते याला खाडा म्हणाले असते. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि त्यांच्या मते खाडा भरून निघत नसे. रविवारी जाऊन जादा काम केलं तर ते रविवारचं काम झालं, मंगळवारचा खाडा मंगळवारीच राहतो, असं ते भाकरी मोडता मोडता सांगत. तेजल पुढे पुण्याच्या एका संस्थेत पगार घेऊन तोच खाडा भरण्याचं काम करू लागली तेव्हा त्यांना ते कसं समजवावं हा प्रश्न तिला पडला होता. तिने समजवलं नव्हतं. उपग्रहांचं काहीतरी करते, एवढंच त्यांनी कॉलनीत सांगितलं, आणि कॉलनीने ते अमेरिकेपर्यंत नेलं.

काम तसं अवघड नव्हतं. ज्या वर्षांत मोजमाप आहे त्या वर्षांचा पाऊस, ऊन, मातीतला ओलावा हे सगळं यंत्राला दाखवायचं आणि सोबत उत्तरही दाखवायचं. पुन्हा पुन्हा दाखवलं की ते स्वतः उत्तर काढायला शिकतं. मग त्या अकरा महिन्यांचा पाऊस आणि ऊन त्याच्यापुढे टाकायचं आणि विचारायचं, पाणी किती होतं? ते सांगतं. दशांशासकट सांगतं. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्याला कोणी शिकवलेले नसतात, त्यामुळे ते कधी अडत नाही, आणि तेजलला त्या काळात त्याचा जो तिटकारा येई तो याच कारणाने. तिच्या आजूबाजूला अशी माणसं पुष्कळ होती, आणखी एक यंत्र कशाला, असं तिला वाटे. तरी तिने ते केलं, आणि आकड्यांशेजारी एक रकाना ठेवला: मोजलेल्या महिन्यापुढे शून्य, अंदाजाच्या महिन्यापुढे एक. त्या अकरा एकांवर तिने जितका विचार केला होता तितका उरलेल्या कामावर केला नव्हता.

तेव्हा तिच्याच खोलीत सोमनाथ बोरस्ते बसायचा. आता तो इथला डॉक्टर बोरस्ते होता, पायलचा मार्गदर्शक, आणि या क्षणी रांगेच्या दुसऱ्या टोकाला पायावर पाय टाकून, मान तालात हलवत बसला होता. माणूस वाईट नव्हता, आणि हीच त्याच्याबद्दलची सर्वांत कंटाळवाणी गोष्ट होती. तो स्वच्छतेचा भोक्ता होता. कानाच्या काडीने कीबोर्ड साफ करायचा, डब्याची झाकणं टिश्यूने पुसायचा. फाइलीतले जास्तीचे रकानेही तो असेच पुसून टाकायचा. बघ, आता कशी स्वच्छ दिसते, म्हणायचा. पावसाचे आकडे निवडण्याचं काम त्याच्याकडे होतं. पावसाच्या आकड्यांत ज्या दिवसाची नोंद नाही तिथे उणे नऊशे नव्व्याण्णव लिहायची पद्धत आहे. तसला पाऊस जगात कुठे पडू शकत नाही म्हणून तो आकडा. बघणाऱ्याला कळावं, इथे काही नाही. पण यंत्र बघत नाही, बेरीज करतं. घोटीकडच्या एका पर्जन्यमापकापाशी त्या जानेवारीत एक दिवस कोणी फिरकलं नव्हतं, आणि तेवढी एक जागा सोमनाथच्या स्वच्छतेतून सुटली. यंत्राने असं धरलं की त्या दिवशी घोटीच्या आकाशाने जमिनीतून जवळजवळ मीटरभर पाणी वर ओढून नेलं, आणि आज्ञाधारकपणे रेषेला खळगा पाडला. तेजलला तो आठवड्याभरात सापडला. तिने चूक दुरुस्त केली, नवी आवृत्ती टाकली, जुनी वापरू नये असं ठळक लिहिलं. 'अगं, एकच तर दिवस,' सोमनाथ म्हणाला होता. 'एवढ्या वर्षांत कोण बघणार आहे?'

कोणी बघितलं नव्हतं. आता तर तो स्वतःही बघत नव्हता. जुनी आवृत्ती त्याच्या डिस्कवर राहिली असणार, तीच त्याने विद्यार्थिनीला दिली, आणि देण्याआधी शून्य-एकचा रकाना काढून फाइल स्वच्छ केली असणार. पायलने त्या रेषेला 'प्रत्यक्ष मोजलेली' असं नाव दिलं होतं. मग तिने स्वतःचं नवं यंत्र शिकवलं होतं, तालुक्या-तालुक्याचं पाणी सांगणारं, आणि त्याला पाऊस दिला होता तोही सोमनाथच्याच फाइलीतला, घोटीच्या कोऱ्या दिवसासकट. तिची हिरवी रेषा पडद्यावर निळीच्या अंगावर येऊन बसली. जानेवारीत दोघी एकदमच घसरल्या. 'इथे बघा,' पायल म्हणाली, आणि लेझरचा लाल ठिपका खळग्यात जाऊन थरथरला, 'जानेवारीतली अचानक झालेली घटसुद्धा आमच्या मॉडेलने अचूक पकडली आहे.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाच बापाची दोन पोरं, दोघांच्या कपाळावर एकाच ठिकाणी खोक, आणि लोक म्हणतात काय साम्य आहे. आणि बाप पहिल्या रांगेत बसून मान हलवतो, तेही कोणाच्या तरी दुसऱ्याच्या गाण्यावर हलवावी तशी. तेजलला हसू आलं नाही. तुच्छतेची तिला सवय होती. ती तिच्या अंगात थंड पाण्यासारखी एका पातळीवर स्थिर असे, आणि अशा समारंभांत ती त्या पातळीवर हात ठेवून बसे.

मग पायलने आवाज ऐकवला. प्रबंधाला माणसांचा आधार हवा म्हणून ती नांदगाव तालुक्यात गावोगाव फिरली होती. हॉलमधल्या स्पीकरमधून आधी वाऱ्याची घरघर आली, एक शेळी ओरडली, मग पायलचा स्वतःचा आवाज, बारीक आणि नम्र: 'पुंजारामबाबा, अठरा सालच्या जानेवारीत विहिरीचं पाणी एकदम खाली गेलं होतं ना?' मग म्हाताऱ्याचा आवाज: 'व्हय व्हय. गेलं व्हतं ना. लय खाली गेलं व्हतं. दोर पुरत नव्हता पोरी.' आणि एका बाईचा: 'माझी जाऊ बाळंत झाली व्हती तव्हा. धुणं सुदीक पडून हाय, आसं झालं व्हतं.' हॉलमध्ये सहानुभूतीची एक मंद कुजबुज झाली. तेजलने गुलाबाचा सेलोफेन बोटाने दाबला, तो कुरकुरला. प्रश्नातच उत्तर घालून दिलं की माणूस ते पाहुणचार घेतल्यासारखं घेतो आणि वर दोन गोष्टी आपल्या पदरच्या घालून परत करतो. कोणाला नाही म्हणायचं नसतं. घोटीच्या एका कोऱ्या दिवसाने नांदगावच्या विहिरी आटवल्या होत्या, दोर अपुरा पाडला होता, एका बाळंतिणीचं धुणं अडवून ठेवलं होतं. आणखी चार गावं फिरली असती तर जनावरंही मेली असती.

आणि नेमकं तेव्हाच, ही तुच्छता चढत असताना, तिला स्वतःला पाणी कमी झालेलं आठवलं. त्या जानेवारीत ती मनमाडला होती. वडिलांचं शेवटचं दुखणं चालू होतं, ती पुण्याहून रजा घेऊन आली होती. मनमाडला नळाला पाणी येतं ते किती दिवसांनी येईल ते कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे घराच्या मागे पिंपं भरलेली असत, तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेली. वडील आतल्या खोलीतून, खाटेवरून सांगत, 'तेजा, ठोकून बघ गं.' ती बोटाच्या पेरांनी पिंपावर वरून खाली ठोकत जाई. जिथपर्यंत पोकळ तिथपर्यंत ठणठण, आणि पाणी लागलं की आवाज मिटे. वडील खाटेवरूनच ऐकत आणि म्हणत, मांडीएवढं आहे. किंवा, गुडघ्याएवढं. त्या जानेवारीत, तिला आता स्पष्ट आठवलं, आवाज पार खालपर्यंत ठणठणत गेला होता. ती वाकली होती, मग उकिडवी बसली होती, आणि तरी ठणठण. आतून वडील काही बोलले नव्हते. पेरांना पत्र्याचा गारवा लागला होता, गंजाचा वास आला होता, हिवाळ्यातल्या सकाळी लोखंडाला येतो तो. पडद्यावरचा खळगा तिच्याकडे बघत होता आणि तिच्या पेरांना तो गार लागत होता.

लोखंडाचा वास. ती खुर्चीत किंचित पुढे सरकली. लोखंडाची पिंपं तिच्या शाळेच्या दिवसांत होती, रेल्वेतून तेलाची रिकामी आलेली. ती कधीच गंजून भंगारात गेली. अठरा साली मागे निळी प्लॅस्टिकची पिंपं होती. प्लॅस्टिक ठणठणत नाही. ते भद्द वाजतं, आणि बाहेरून पाण्याची सावली दिसते, ठोकायची गरजच नसते. म्हणजे तो आवाज कुठल्यातरी दुसऱ्या हिवाळ्यातला, परकर-पोलक्यातल्या मुलीने ऐकलेला, तिथून उचलून इथे आणून बसवलेला. कोणी बसवला? तिनेच, आता, या अंधारात, एका रेषेकडे बघून. आणि ती रेषा खोटी आहे हे या हॉलमध्ये फक्त तिलाच माहीत होतं. तिने त्या जानेवारीतलं खरं काहीतरी शोधायचा प्रयत्न केला. वडिलांच्या पायाला सूज होती. तळव्यांना ती खोबरेल लावायची. पिंपात पाणी किती होतं? काही आठवेना. तिथे काही नव्हतंच. तिने त्या दिवसांत पाण्याकडे बघितलंच नव्हतं. एवढा वेळ हातात धरलेली तिची ती थंड पातळी पहिल्यांदा हलली.

चहाला बाहेर व्हरांड्यात टेबल लावलं होतं. सोमनाथ बोरस्ते कागदी कप घेऊन तिच्याजवळ आला. 'काय मग? कशी वाटली आमची पोरगी?' तेजल म्हणाली, 'आवाज स्वच्छ आहे.' तो खूश झाला. 'लाजते अजून थोडी. पण तू आलीस ते फार बरं झालं. मी मुद्दाम तुझं नाव घातलं. म्हटलं, तुमच्याकडचीच मुलगी आहे, तिलाही आधार वाटेल.' तुमच्याकडची म्हणजे कुठली, असं विचारलं असतं तर मनमाड-नांदगावकडची, असं त्याने सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. इतक्या वर्षांत ती ते कधी विचारत नसे, आणि समोरचा नेहमी त्या न विचारण्यावर विसंबून असे. 'सोमनाथ,' ती म्हणाली, 'माझी फाइल कुठली दिलीस तू तिला?' 'कुठली म्हणजे? आपली तीच, पुण्याची. का गं?' 'दोन होत्या.' 'हो का?' त्याने बशीतला वडा मोडला, आत नीट तळला आहे का ते बघितलं. 'तू पण ना तेजल. अजून तश्शीच.' आणि समोरून कोणी आलं त्याच्याकडे हात पसरून गेला.

पायल जिन्यापाशी एकटी उभी होती, हातात चहा, न प्यायलेला. आसपास कोणी नाही असं बघून ती हळूच म्हणाली, 'जय भीम, मॅडम.' 'जय भीम,' तेजल म्हणाली. ती तिच्या कल्पनेपेक्षा बुटकी होती, आणि चपलेचा पट्टा तिने सेफ्टी पिनेने जोडला होता. 'तुमचा ओलाव्यावरचा पेपर मी सारखा वाचलाय मॅडम. दुसरा, तो गाळलेले आकडे भरण्याचा, सर म्हणाले जुना झाला, नको वाचू.' 'मग सही झाली की पुढे काय?' 'डेहराडूनला जागा मिळालीय. पण महिनाअखेर प्रबंध जमा पाहिजे, नाहीतर दुसऱ्याला देतील. इथली मुदतवाढ पण संपली माझी. आईनी तर नांदगावला पेढे वाटून टाकले. म्हटलं अगं थांब, तर म्हणते, तुझं थांबता थांबता मी म्हातारी झाले.' ती हसली, आणि हसताना तिच्या कपातला चहा बोटांवर सांडला. तेजलला या सगळ्याचा राग आला, पेढ्यांचा, पिनेचा, त्या हलक्या आवाजातल्या नमस्काराचा, आपल्यावर न विचारता टाकलेल्या या भाराचा. तिने कोरडेपणाने विचारलं, 'त्या जानेवारीच्या खळग्याचं तुला काही वाटलं नाही?'

'तेच तर मॅडम.' पायल एकदम जवळ आली. 'बाकी सगळी रेषा इतकी गुळगुळीत, की मला तिच्यावर भरवसाच नव्हता. त्या खळग्याने बसला. खरं असतं ते असंच कुठेतरी वेडंवाकडं असतं ना? मी तो चार महिने घेऊन बसले होते. सर म्हणाले, सोड. मी नाही सोडला.' तेजल तिच्याकडे बघत राहिली. अख्ख्या हॉलमध्ये त्या खळग्याकडे बघितलेली ही एकटीच होती, आणि योग्यच कारणाने बघितलेली. तुच्छतेला बसायला जागा मिळेना. 'तू कुठे होतीस त्या जानेवारीत?' 'घरीच. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला.' 'मग तुझ्या घरचं पाणी कमी झालेलं आठवतं?' पायलने खरंच विचार केला. तिच्या कपाळावर एक आठी आली. 'आधी नव्हतं आठवत,' ती म्हणाली. 'आलेख बघितल्यावर आठवलं.'

पुन्हा दिवे मालवले तेव्हा तेजलने बोलायचं ठरवलं होतं, असं म्हणता येणार नाही. प्रश्न विचारले जात होते. कोणी मॉडेलला किती वेळ लागला विचारत होतं, कोणी मुखपृष्ठाचा रंग. ती हिशेब घालून बघत होती आणि तो एकाच बाजूला जात होता. ती गप्प राहिली तर एक प्रबंध वाढेल, कपाटात जाईल, तिथे त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. कोणाचं पाणी त्याने कमी-जास्त होत नाही. एक मुलगी डेहराडूनला जाईल आणि तिथे शहाणी होईल. बोलली तर मुलीची दोन वर्षं जातील आणि सोमनाथचं काही जाणार नाही, त्याच्यासारख्यांचं जात नाही. विज्ञानासाठी बोलावं एवढी भक्ती तिच्यात उरली नव्हती. या हॉलला खरं सांगावं एवढी त्याची लायकी तिला वाटत नव्हती. पण पेरांना तो गारवा अजून लागत होता. वडिलांच्या शेवटच्या महिन्यात तिच्याजवळ फार काही नव्हतं: सुजलेले पाय, खोबरेलाचा वास, आणि एक मोठी रिकामी जागा, जी तिची होती. तिथे आता ही रेषा शिरून ठोकत बसली होती. पुढच्या वर्षी तिला विचारलं तर ती शपथेवर सांगेल, हो, पिंपातलं पाणी खाली गेलं होतं, बाबा आतून काही बोलले नाहीत. पुंजारामबाबासारखी. आणि त्या मुलीलाही जन्मभर आठवत राहील.

अध्यक्ष निवृत्त मुख्य अभियंते होते. त्यांनी नाव पुकारलं, गेणूने, म्हणजे कॉलेजच्या शिपायाने, माइक आणून दिला. तेजल उभी राहिली. गुलाब मांडीवरून खाली पडला. 'मला एकच विचारायचं आहे,' ती म्हणाली. 'निळ्या रेषेतले मधले अकरा महिने कोणी मोजले?'

'उपग्रहांनी, मॅडम,' पायल म्हणाली.

'तेव्हा वर उपग्रह नव्हते. एक जोडी बंद पडली होती, दुसरी गेली नव्हती.'

हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या. बोरस्ते जागेवरूनच हसला. 'मॅडम फार बारकाईने बघतात. पायल, बाळा, सांग मॅडमना, सगळं जग वापरतं तो डेटा आहे हा.'

'तो डेटा मी केला आहे,' तेजल म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून लहान आला. 'मोजलेला नाही, अंदाज आहे. शेजारी तसं लिहिलेलं होतं, ते कोणीतरी काढलं. आणि जानेवारीत पाणी खाली गेलेलं नाही. घोटीच्या पावसात एक दिवस कोरा होता, त्याच्या जागी उणे नऊशे नव्व्याण्णव राहिले. तेच पायलच्या पावसातही आहेत. म्हणून दोन्ही रेषा जुळतात.'

बोलून झाल्यावर तेजलला भीती वाटली. मग अध्यक्ष मोठ्याने म्हणाले, 'वा. म्हणजे मुळातलं काम पगारे मॅडमचंच आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं. बोरस्ते, हे तुम्ही आधी सांगायचं ना.' 'सरप्राइज ठेवलं होतं साहेब,' बोरस्ते म्हणाला. लोक हसले. टाळ्या सुरू झाल्या, आधीच्यापेक्षा जोरात, कारण आता जेवण जवळ आलं होतं. 'त्या कोऱ्या दिवसाची एक तळटीप टाकून घ्या,' अध्यक्ष म्हणाले, 'चुका कोणाच्या होत नाहीत? आणि मॅडमचा सत्कार राहिलाय बघा.' गेणूने तिच्या हातातून माइक अलगद काढून घेतला. कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून शाल काढली, ती कडक होती, तिला नव्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि ती तिच्या खांद्यांवर येऊन बसली. तिने हात वर केले, पण ते नमस्कारासाठीच वर केले असं सगळ्यांनी धरलं आणि फोटो निघाला. सांगितलेलं खरं एवढ्या सफाईने बुजवलेलं तिने याआधी पाहिलं नव्हतं. तिच्या यंत्रालाही जमलं नसतं.

पायल टाळ्या वाजवत नव्हती. ती लॅपटॉपवर वाकली होती. पडद्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता आणि ओठ हलत होते, काहीतरी स्वतःशी मोजत असल्यासारखे. तिने सादरीकरण बंद करून मागची फाइल उघडली, ते सगळ्यांना पडद्यावर दिसत होतं, पण बघत कोणी नव्हतं. आकड्यांचे उभे रकाने आले, शेजारी तोच आलेख. बाण जुलैवर गेला, तिथून खाली मे महिन्यापर्यंत ओढला गेला, तेवढा भाग राखाडी झाला. तिथे तो थांबला. तेजल शालीतून तिच्याकडे बघत होती. पायलने मान वर केली, दोघींची नजर भेटली, आणि त्या नजरेत तेजलला आभार दिसले नाहीत की राग दिसला नाही. तिथे एक कोरा भाग होता, आणि तो कशानेही भरायची घाई तेजलने केली नाही. मग पायलने कळ दाबली.

आधी त्याच आकड्यांवर शिकलेली हिरवी रेषा सबंध नाहीशी झाली. मग निळी मध्यात तुटली. डावा तुकडा जूनमध्ये येऊन थांबला, उजवा पुढच्या जूनमध्ये सुरू झाला, आणि मध्ये पडद्याचं पांढरं कापड दिसू लागलं, त्यावरची एक सुरकुती आणि कधीचा तरी चहाचा डाग.

'प्रोजेक्टर गेला वाटतं,' बोरस्ते म्हणाला. 'गेणू, वायर बघ रे.'

'चालू आहे सर,' पायल म्हणाली. 'मोजलेलं एवढंच आहे.'

गेणू तोवर वायरपाशी पोचला होता. तो ती हलवायचा, मान वळवून पडद्याकडे बघायचा, आणि पुन्हा हलवायचा.